सही कोणाची, नोकरी कोणाची: एअर इंडियातल्या हवाई सुंदरींच्या निवृत्तीचं प्रकरण

केबिन क्रूच्या नोकरीत नुकत्याच लागलेल्या मुली कामगार कायद्याच्या अभ्यासवर्गाला येतात, तेव्हा काही बोलायच्या आधी मी त्यांच्या हातात एक कागद देते. त्यावर एकच वाक्य असतं. हवाई सुंदरी वयाच्या ३५व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास लग्न झाल्यावर, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त होईल.

गेल्या वेळी डोंबिवलीहून आलेली एक मुलगी हे वाचून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, ‘जे आधी घडेल’ हे गाडीच्या वॉरंटीवर असतं ना? इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर." तिच्या शेजारची म्हणाली, "आणि गरोदरपण म्हणजे? बाळंत व्हायच्या आधीच?" कलमात शब्द गरोदरपणाचाच आहे, बाळंतपणाचा नाही. दिवस राहिले की नोकरी संपली.

हे एअर इंडियाच्या सेवाविनियमांतलं कलम ४६. १९८१ पर्यंत ते जसंच्या तसं लागू होतं. त्याच विमानात, तीच ट्रॉली ढकलणारे, त्याच दारांपाशी उभे राहणारे पुरुष कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होत. त्यांना लग्नाची अट नव्हती, मुलांची नव्हती. हे कलम मोडीत काढायला आणि पुरुषांच्या बरोबरीनं शेवटपर्यंत उडायला या बायकांना तीन दशकं लागली. त्या तीन दशकांत त्या फक्त कंपनीशी लढल्या नाहीत. निकालांच्या शीर्षकांतच ते दिसतं. १९८१ च्या निकालाचं नाव ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’. २००३ च्या निकालाचं नाव ‘एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन विरुद्ध यशस्विनी मर्चंट’. दुसऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात बाईच्या विरोधात अपील घेऊन गेलेली कर्मचाऱ्यांची युनियन आहे. मला हे प्रकरण शिकवावंसं वाटतं ते या दुसऱ्या शीर्षकासाठी.

आधी कामाबद्दल

मराठीत या कामाला आपण ‘हवाई सुंदरी’ म्हणत आलो. वर्तमानपत्रांनी हा शब्द रुजवला आणि आपण विचार न करता वापरला. शिक्षिका, परिचारिका, लिपिक या शब्दांत काम आहे. हवाई सुंदरी या शब्दात कामाचा पत्ता नाही, फक्त रूप आहे. आणि रूपाची नोकरी म्हटली की ती वयानं, लग्नानं, पोटानं संपते असं म्हणणं सोपं जातं. खटल्यात कंपनीचे युक्तिवाद याच वाटेनं गेले.

काम मात्र वेगळंच आहे. धावपट्टीवर विमान वेग घेतं तेव्हा दारापाशी घडीच्या सीटवर बसलेली क्रू मेंबर कुठे तरी शून्यात बघत असल्यासारखी दिसते. ती त्या वेळी मनात उजळणी करत असते. माझं दार कुठलं. हँडल कुठल्या दिशेला फिरवायचं. बाहेर आग दिसली तर दार उघडायचं नाही, मग माणसं कुठल्या दाराकडे वळवायची. आपल्या भागात मदत लागेल असे प्रवासी कोण. आवाज कुठला द्यायचा. प्रत्येक उड्डाणाला आणि प्रत्येक उतरण्याला हीच उजळणी. विमानाला प्रमाणपत्र मिळतं तेच मुळी भरलेलं विमान अर्ध्या दारांनी ९० सेकंदांत रिकामं होऊ शकतं हे सिद्ध केल्यावर. दर ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू हवी हा नियमही त्यासाठीच आहे, चहासाठी नाही. हे काम अनुभवानं पक्कं होतं. पस्तिशीत माणूस त्यात मुरायला लागलेलं असतं, आणि कलम ४६ नेमकं तिथेच त्याला घरी पाठवत होतं.

दोन पंगती

एअर इंडिया १९५३ मध्ये सरकारी महामंडळ झाली. केबिनमध्ये दोन शिड्या होत्या. पुरुष असिस्टंट फ्लाइट पर्सर म्हणून लागायचे, मग फ्लाइट पर्सर, मग इन-फ्लाइट सुपरवायझर. बायका एअर होस्टेस म्हणून लागायच्या, मग चेक एअर होस्टेस आणि तशाच पुढच्या पायऱ्या. विमानातली देखरेखीची जबाबदारी मात्र पुरुषांच्या शिडीवरच. बाई कितीही ज्येष्ठ असो, हवेत ती पुरुष सुपरवायझरच्या हाताखाली.

सेवाशर्तींचे वाद न्यायाधिकरणांपुढे दोनदा गेले. १९६५ चा खोसला निवाडा आणि १९७२ चा महेश निवाडा. दोन्ही निवाड्यांनी बायकांना पुरुष क्रूच्या ओळीत आणून बसवलं नाही. मग १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा आला. त्याच्या कलम १६ मध्ये एक खिडकी ठेवलेली होती: फरक लिंगामुळे नाही, अन्य कारणांमुळे आहे अशी सरकारची खात्री झाली तर सरकार तसं जाहीर करू शकत होतं. एअर होस्टेस आणि पुरुष क्रू यांच्या बाबतीत केंद्र सरकारनं १५ जून १९७९ ला ते जाहीर करून टाकलं. कायद्याचं दार उघडायच्या आत खिडकीतून कडी लागली.

२८ ऑगस्ट १९८१

नर्गेश मिर्झा खटल्यातलं सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र न्यायमूर्ती मुर्तझा फजल अली यांनी लिहिलं. त्यात दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांना ओळखत नसल्यासारखे शेजारी शेजारी बसलेत.

पहिल्या गरोदरपणी नोकरी संपवण्याच्या अटीबद्दल न्यायालय खरोखर संतापलं. ही अट निष्ठुर आहे, क्रूर आहे, भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे असं त्यांनी लिहिलं आणि ती रद्द केली. मूल झाल्यावर बाई शरीरानं कमकुवत होते हा कंपनीचा मुद्दा कायद्यानंही टिकत नाही आणि वस्तुस्थितीनंही, हे स्पष्ट सांगितलं. वय वाढलं की होस्टेस आकर्षक राहत नाही, हा युक्तिवाद तर निव्वळ कल्पनेवर उभा आहे म्हणून फेटाळला. ३५ नंतर वर्षावर्षानं ४५ पर्यंत मुदत वाढवणं व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होतं. त्या मर्जीला कसलेच निकष नव्हते. ती मर्जी रद्द झाली, आणि वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असलेल्या बाईला ४५ पर्यंत नोकरीचा मार्ग मोकळा झाला.

हे सगळं मिळालं, आणि ते लहान नव्हतं. वर्गात या ठिकाणी मुली खुश होतात. पुढचं पान उलटलं की गप्प होतात.

पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही ही अट न्यायालयानं कायम ठेवली. कारणं काय दिली? मुलगी १९ व्या वर्षी लागली तर चार वर्षांनी २३ ची होईल, परिपक्व होईल, लग्न यशस्वी होण्याची शक्यता वाढेल. कुटुंबनियोजनाला हातभार लागेल. शिवाय लगेच लग्न झालं तर कंपनीचा प्रशिक्षणाचा खर्च वाया जाईल. गरोदरपणाबाबतही, दोन मुलं हयात असताना तिसऱ्या खेपेला नोकरी संपवण्याची दुरुस्ती चालेल असं म्हटलं. म्हणजे ज्या निकालपत्रात स्त्रीत्वाच्या अपमानाचा निषेध आहे, त्याच निकालपत्रात बाईनं कधी लग्न करावं आणि किती मुलं व्हावीत हे तिच्या मालकानं ठरवणं वाजवी आहे. सून आणताना सासरची मंडळी जसं बोलतात तसं तिथे न्यायालय बोलतं, आणि मला ते दर वेळी वाचताना टोचतं.

मूळ प्रश्न होता बरोबरीचा. तिथे न्यायालयानं म्हटलं की एअर होस्टेस आणि असिस्टंट फ्लाइट पर्सर हे दोन वेगळे वर्ग आहेत. भरतीची पद्धत वेगळी, पात्रता वेगळी, बढतीची शिडी वेगळी, निवृत्तीच्या अटी वेगळ्या. वर्गच वेगळे, म्हणून संविधानातल्या समानतेच्या अनुच्छेद १४ चा भंग नाही. पण त्या दोन शिड्या उभ्या कोणी केल्या? कंपनीनं. पुरुषाला एअर होस्टेस होता येत नव्हतं आणि बाईला पर्सर. आधी आपणच दोन पंगती मांडायच्या, आणि मग पंगती वेगळ्या आहेत म्हणून वाढपही वेगळं, असं म्हणायचं.

यात एका शब्दाकडे मी मुलींचं लक्ष वेधते: ‘केवळ’. संविधानाचे अनुच्छेद १५ आणि १६ ‘केवळ’ लिंगाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई करतात. न्यायालयाचा अर्थ असा की लिंगासोबत आणखी काही कारणं जोडलेली असतील, तर ती मनाई लागत नाही. बाई असणं अधिक वेगळी भरती अधिक वेगळी बढती, झालं. पण ती आणखी कारणं बाई असण्यातूनच आलेली असतील तर? हा प्रश्न त्या निकालानं तसाच ठेवला.

बाहेरच्या देशांतही हीच वाट होती, हे सांगायला हवं. बेल्जियमच्या सबेना कंपनीतल्या गाब्रिएल दफ्रेन यांना १९६८ मध्ये वयाची चाळिशी झाली म्हणून कामावरून काढलं. समान वेतनाच्या मुद्द्यावर त्या युरोपीय न्यायालयात १९७६ मध्ये जिंकल्या, आणि तो निकाल सगळ्या युरोपातल्या नोकरदार बायकांच्या कामी आला. चाळिशीच्या अटीवर मात्र १९७८ मध्ये त्याच न्यायालयात हरल्या.

जमिनीवरची वर्षं

१९८९ मध्ये केंद्र सरकारनं निर्देश दिला की एअर होस्टेसनाही ५८ पर्यंत नोकरी द्यावी. वाटलं, संपलं एकदाचं. पण त्याच वर्षाच्या अखेरीस खुलासा आला: ४५ पर्यंत विमानात, त्यानंतर जमिनीवरचं काम. १९९३ मध्ये विमानातली मर्यादा ५० झाली. पुरुष ५८ पर्यंत उडतच होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नोकरी तर आहे ना, पगार चालू आहे, रात्रीअपरात्रीची धावपळ सुटली, मग तक्रार कसली? या व्यवसायातल्या कोणालाही विचारा. मिळकतीचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर आणि परदेशातल्या मुक्कामावर मिळणाऱ्या भत्त्यांचा असतो. जमिनीवर आलं की तो थांबतो. आणि पन्नाशी म्हणजे मुलांच्या कॉलेजची, घराच्या हप्त्यांची वर्षं. ज्या महिन्यात बरोबरीचा पर्सर लंडनला जाऊन भत्ता घेऊन येतो, त्या महिन्यात ती ऑफिसातल्या टेबलाशी असते, केवळ (हा शब्द मी मुद्दाम वापरते) बाई म्हणून.

युनियन आणि यशस्विनी मर्चंट

यशस्विनी मर्चंट आणि आणखी काही ज्येष्ठ एअर होस्टेस मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. त्यांतल्या अनेक जणी बढती मिळून अधिकारी श्रेणीत पोचलेल्या होत्या. २००१ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. कसोटी साधी लावली: ही व्यक्ती बाई नसती तर तिला ५० व्या वर्षी खाली उतरवलं असतं का? नसतं. म्हणजे भेदभाव आहे. १९८१ च्या ‘केवळ’ या शब्दात जी गाठ पडली होती ती या प्रश्नानं सुटत होती.

त्याविरुद्ध अपील घेऊन एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली. असोसिएशनचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आम्ही केबिन क्रूच्या बहुसंख्येचं प्रतिनिधित्व करतो, आमच्यात एअर होस्टेसही आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींना ५० नंतर जमिनीवरचं काम हवं आहे. व्यवस्थापनाबरोबर वर्षानुवर्षं झालेल्या सेटलमेंटमध्ये हे ठरलेलं आहे. चार वरिष्ठ बायकांना उडायचं आहे म्हणून सगळ्यांची सेटलमेंट मोडू नका.

या ठिकाणी मला घाईनं बोट दाखवायचं नाही. असोसिएशनचं म्हणणं पोकळ नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं टाइम झोन ओलांडून, रात्री उभ्यानं काढून, पाठ आणि गुडघे झिजवून थकलेली बाई जमिनीवरचं काम मागते, तेव्हा ती खरंच मागते. घरचंही तिलाच बघायचं असतं. तिच्यासाठी ५० नंतरचं टेबल ही सवलत होती आणि ती मिळवायला युनियन भांडली होती. युनियननं आपल्या सभासदांनी मिळवलेल्या सवलतींचं रक्षण करावं ही अपेक्षा योग्यच आहे.

पण प्रश्न पर्यायाचा होता. ज्यांना खाली यायचं आहे त्यांनी यावं, ज्यांना उडायचं आहे आणि ज्या तंदुरुस्त आहेत त्यांनी उडावं, अशी मागणी युनियन करू शकली असती. थकलेल्या पुरुषालाही तोच पर्याय देता आला असता, गुडघे त्याचेही झिजतात. तसं न करता एकीची गरज दुसरीवर सक्ती म्हणून लादली गेली, आणि त्या सक्तीचं समर्थन करायला युनियन स्वतः वकील घेऊन उभी राहिली.

११ जुलै २००३ ला सर्वोच्च न्यायालयानं मुंबईचा निकाल फिरवला. ‘बाई नसती तर’ ही कसोटी इथे लागू होत नाही असं म्हटलं. ५० व्या वर्षी विमानातून उतरवणं हा लिंगभेद नाही, कारण ते बायकांनीच आपल्या युनियनमार्फत मागितलेलं आणि करारानं मान्य झालेलं आहे. बढती मिळून अधिकारी झालेल्यांनाही त्याच शर्ती लागू. अशा रीतीनं युनियनची सही हाच कंपनीचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला.

वर्गात मी इथे थांबते आणि विचारते: त्या सेटलमेंटच्या आधी सभा झाली असेल तेव्हा हॉलमध्ये कोण असेल? क्रूचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहे. अर्ध्या जणी हवेत, काही परदेशात मुक्कामाला, काही रात्रीच्या उड्डाणानंतर झोपलेल्या, काही मुलांना शाळेतून आणायला गेलेल्या. कार्यकारिणीत किती बायका? वाटाघाटीच्या टेबलाशी किती? बहुमत मोजलं कसं? विमानात काम करणाऱ्यांची लोकशाही या साध्या गोष्टींवर ठरते. उत्तर मी देत नाही, मुली आपापल्या अनुभवातून बोलतात. तासभर जातो.

एकाच क्रूमध्ये

न्यायालयात हरलेली बाजू पुढे बाहेर जिंकली. सरकारनं पुन्हा निर्देश दिले आणि एअर होस्टेसना पुरुषांप्रमाणे ५८ पर्यंत उडता यावं असं ठरलं. १९९७ च्या सेटलमेंटनं नव्यानं लागणाऱ्या स्त्री-पुरुष क्रूची कामं आधीच एकमेकांत बदलता येण्याजोगी झाली होती. जुन्यांच्या दोन शिड्या मात्र तशाच उभ्या होत्या, आणि वरच्या टोकाला सुपरवायझरची जागा पुरुषांची.

डिसेंबर २००५ मध्ये कंपनीनं आदेश काढला की बायकांनाही इन-फ्लाइट सुपरवायझरचं काम देता येईल. आता न्यायालयात गेले पुरुष. त्यांचं म्हणणं, आमच्या सेटलमेंटनं ही जागा आम्हाला राखलेली आहे, ती एकतर्फी काढता येणार नाही. म्हणजे पुन्हा सेटलमेंटच, आणि पुन्हा सहीच. २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांची बाजू फेटाळली. नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. इन-फ्लाइट सुपरवायझर हे पद नसून विमानातलं एक काम आहे आणि ते पुरुषांची मक्तेदारी असू शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. दोन पंगतींचा युक्तिवाद, जो १९८१ मध्ये बायकांच्या आड आला होता, तो तीस वर्षांनी पुरुषांच्या उपयोगी पडला नाही.

त्या तीस वर्षांत ज्या ३५ व्या, ४५ व्या किंवा ५० व्या वर्षी उतरल्या, त्यांची उड्डाणाची वर्षं कोणत्याही निकालानं परत दिली नाहीत.

वर्ग संपल्यावर त्या डोंबिवलीच्या मुलीनं आपल्या मोबाइलवर नेमणूकपत्र उघडलं. ती खासगी कंपनीत ठरावीक मुदतीच्या करारावर आहे. कंपनीचं नाव मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ‘कंपनीचे वेळोवेळी बदलणारे नियम मला मान्य आहेत’ या ओळीवर तिनं बोट ठेवलं आणि विचारलं, "हे नियम मागून घेता येतात का?" येतात, असं मी सांगितलं. लेखी मागायचे, तारीख घालून, आणि एकटीनं नाही, पाच-सहा जणींनी मिळून. तिनं तिथेच उभ्या उभ्या आपल्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज टाइप करायला घेतला.